किडे काढण्याचं कंत्राट

२६ सप्टेंबर २०११, सोमवार. लातूर.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची पुढे चरित्रं लिहायला घेतात तेव्हा माहिती सापडत नाही. माझ्या बाबतीत ती पंचाईत नको. तोवर कुणाला दाखवायची नाही.

मल्लिकार्जुन सर स्कॉर्पिओ धुवायला माझ्या वॉशिंग सेंटरवर आले. सरांचा मेडिकलचा क्लास. लातुरात एक नंबरचे क्लास अकरा आहेत, त्यातला एक सरांचा. म्हणाले, दसऱ्याला आमच्या टेस्टमधल्या पहिल्या तीन पोरांना विमानात बसवून गावावरून फेरी मारणार. बोर्ड छापायला टाकलेत: आधी विमान, मग मेडिकल. चार सीटचं विमान भाड्याने आणून धावपट्टीवर उभं केलंय. अडचण एकच. येताना किडे इतके चिकटलेत की फोटोत विमानाला देवी आल्यासारखं दिसतं. जमंल का सिद्धेश्वर?

मी हसलो. म्हटलं, सर, भूकंपाच्या वर्षी किल्लारीच्या रस्त्यावर साहेबलोकांच्या जीपा कोण धूत होतं? लोक ढिगारे बघायचे, मी चाकं बघायचो. एका बादलीवर सुरुवात केली, आज दोन रॅम्प आहेत. विमान म्हणजे काय, पंखाची जीप.

पैसे नको म्हटलं. फेऱ्या झाल्या की विमान नांदेडला जाणार, तिथल्या सरांच्या नव्या शाखेवरून फिरणार. त्यात एक सीट माझी. सर लगेच हो म्हणाले. माणसाची किंमत कळणारा माणूस.

कावेरी म्हणाली, घरची टाकी पोळ्यापासून धुतो म्हणून राहिलेत, तिचं काय? म्हटलं, टाकी उडत नाही.

भोकरला तिच्या भावाला फोन केला. म्हटलं, शिवलिंगराव, दसऱ्याला गच्चीवर लाल साडी अंथरून ठेवा, वरून ओळखू आली पाहिजे. नांदेडहून भोकर म्हणजे विमानाला मान वळवण्याइतकं. शिवलिंग म्हणाला, दाजी, लग्नात तुमचं घोडं मारुतीपुढं अडलं ते अडलंच. विमान तरी हलू द्या.

ही माणसं जुनं विसरत नाहीत. मी डोक्यावरून उडून गेल्याशिवाय सुधारायची नाहीत.

२८ सप्टेंबर, बुधवार. सकाळ.
घटस्थापना. शुभ दिवस म्हणून आजच काम सुरू. देविदासला (माझा सेंटरवरचा माणूस) घेऊन प्रेशर पंपासह धावपट्टीवर.

पायलट एक पोरगी निघाली. कॅप्टन इकरा. नांदेडला देगलूर नाक्यावर जीपच्या सीटा शिवणारे करीमभाई, त्यांची. मी कौतुकानं पाहतोय तोवर ती धावत आली, चाचा, पंप नक्को, पंप नक्को! ट्रॅक्टर हाय का ये? मग तिनं दाखवलं: ओला फडका किड्यांवर ठेवायचा, भिजू द्यायचं, हलक्या हातानं पुसायचं. समोरची काच ही काच नाही, प्लास्टिक आहे. रॉकेल नाही, घासणी नाही. आणि डाव्या पंखाखाली बारीक नळी आहे, लाल कापडी टोपी घातलेली. तिच्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये.

शब्द दिला.

दुपार.
काम फारच सोपं आहे. हा धोका आहे. फडका ठेवा आणि बसा, एवढ्यासाठी सीट कोण देईल? सरांच्या लक्षात येण्याआधी काम अवघड दिसलं पाहिजे. देविदासला तोंडाला रुमाल बांधून हातमोजे घालायला लावले. मी फक्त बोट दाखवत फिरलो. सर फोटोवाला घेऊन आले तेव्हा म्हटलं, सर, ह्या जातीचा किडा इकडचा नाही. सर गंभीर झाले.

सोयाबीनवरचे तुडतुडे होते.

१ ऑक्टोबर, शनिवार.
एक पंख झाला. दुसरा झाला असता, पण इकरा मॅडमनी पहिला पंख हाताने चाचपून पुन्हा पुसायला लावला. म्हणाली, चाचा, किडे निकाले क्या चपटे किये? मी स्वतः हात लावला. गुळगुळीत होता. काही ठिकाणी नव्हता. ते पंखाचं डिझाइन असावं.

सेंटरवर गिऱ्हाइकं थांबून गेली. जाऊ देत. ज्याची नजर वर आहे त्यानं मोपेड धुणं शोभत नाही.

संकल्प: आकाशात बोलायला थोडं इंग्रजी. रोज पाच शब्द. आज दोन झाले.

४ ऑक्टोबर, मंगळवार.
विमान लख्ख. नाक, पंखा, शेपूट. देविदास म्हणाला, मालक, आरशासारखं केलं हो मी. त्याला समजावलं की असं ‘मी’ म्हणू नये, टीमवर्क असतं.

आज टेस्टमध्ये पहिली आलेली पोरगी आईसह आली. अयोध्या, भोकरची. आई गुणाबाई दुसऱ्याच्या रानात कामाला जाते. दसऱ्याच्या फेरीसाठी आधीच आल्या. सर त्यांना विमान दाखवून म्हणाले, फी तेवढी बघा मावशी, आकाश आमच्याकडं लागलं. गुणाबाईनं विचारलं, उडून झाल्यावर फी कमी व्हती का? सर हसले. मीही हसलो. मोठ्या माणसाबरोबर हसावं लागतं.

गुणाबाई शिवलिंगच्या गल्लीतली निघाली. म्हणाली, हाव, साडी अंथरलीय की त्यानं. अख्खी गल्ली गच्चीवर चढणार हाय. दाजी येऊन राहिले म्हणून शिवलिंगभाऊनं भजी पण सांगितलीत.

चला. घोडं विसरलं एकदाचं.

५ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
आज एक चांगलं काम मनानं केलं. खंडेनवमीला सेंटरचा पंप, पाइप, रॅम्प सगळ्याला हळदकुंकू लागतं. मग धावपट्टीवर एवढं मोठं यंत्र बिनपूजेचं राहावं? मॅडम मुक्कामाला गेली होती. वॉचमन बसलिंगप्पा म्हणाला, मॅडमला इचारलं का? म्हटलं, देवाचं काम विचारून करत नसतात. त्याला ते पटलं, आरतीचं ताट त्यानंच धरलं.

हळदकुंकू, झेंडूचा हार, नाकाला लिंबू-मिरची. नारळ चाकापाशी फोडला. खोबरं-गुळाचा नैवेद्य आत चारही सीटांवर ठेवला, एकावर ठेवून तिघांना तसंच ठेवणं बरं दिसत नाही.

उदबत्ती कुठं खोचावी हा प्रश्न होता. दुकानात आपण शटरच्या फटीत खोचतो, इथं फट दिसेना. मग डाव्या पंखाखालची नळी दिसली. लाल टोपीवर इंग्रजीत लिहिलंय: उडण्याआधी काढा. उद्या उडायचंच आहे, काढून ठेवली, मॅडमचं एक काम कमी. नळीचं तोंड उदबत्तीसाठीच केल्यासारखं. दोन काड्या बसल्या. परदेशात सुद्धा या गोष्टीचा विचार करतात, आपल्याकडं नुसती नावं ठेवतात.

पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. शब्द म्हणजे शब्द.

बसलिंगप्पाला गहिवरून आलं. वास लांबवर गेला.

६ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
नवीन शर्ट. कावेरीनं औक्षण केलं, म्हणाली, उतरल्यावर टाकीचं बघा.

धावपट्टीवर मंडप, बँड, पालक. सर फेट्यात. मॅडमनी विमानाचं दार उघडलं आणि बंद केलं. आत लाल मुंग्या. चारही सीटांवर, खाली, पाय ठेवायच्या जागी, रांगा लावून. मी पुढे होऊन सांगितलं, किडे बाहेरचे काढायचं ठरलं होतं, आतलं बोलणं झालं नव्हतं.

मग तिनं पंखाखाली पाहिलं. उदबत्तीची काडी मोडून आतच राहिलेली, राख खोलवर. तिनं मला शांतपणे समजावलं, ते जास्त लागलं. त्या नळीत वारा शिरतो तेव्हा आतल्या काट्याला विमानाचा वेग कळतो. वेग कळला नाही तर विमान केव्हा खाली पडंल हेही कळत नाही. चाचा, तीन पोरं बसवणार होते मी. आपके हात से मरते थे हम सब.

मी म्हटलं, वास तर चांगला होता. हे बोलायला नको होतं.

मेकॅनिक दोन दिवसांनी येणार. सर खचले नाहीत. पोरांना पंखापाशी उभं करून, फोटोवाल्याला जमिनीवर आडवा पाडून फोटो काढले. मागं नुसतं आकाश. छापील बोर्ड बदलायची गरज उरली नाही. एका पोराचे वडील म्हणाले, उडवणार होते ना? सर म्हणाले, फोटोत उडलेलंच दिसतंय.

गुणाबाई अयोध्याला म्हणाली, थांबू गं दोन दिस, एवढ्या लांबून आलोत.

भोकरहून अकरा फोन. उचलले नाहीत. रेंज नव्हती असं सांगता येईल.

८ ऑक्टोबर, शनिवार.
मेकॅनिक आला, नळी उघडली, साफ केली. पोरांच्या फेऱ्या झाल्या. मी आणि देविदास सकाळपर्यंत मुंग्याच वेचत होतो, त्यामुळं शर्ट जरा मळला, पण नांदेडला निघण्याच्या वेळेला बॅग घेऊन उभा राहिलो. सीट ती सीट.

मॅडम म्हणाली, चाचा, तुम्ही नको. जो हात मांडीवर ठेवून बसंल तो बसंल.

माझ्या जागी गुणाबाईला घेतलं. शेजारी अयोध्या. मेकॅनिक पुढं. गुणाबाई दोन्ही हात मांडीत घट्ट दाबून बसली होती, जणू कुणी काढून घेणार आहे. सर म्हणाले, आईसह टॉपर, जाहिरातीला बरंच. मॅडमनी गुणाबाईला विचारलं, तुमचं घर कुठं? भोकर? साडी अंथरलेली गच्ची हाय ना तिथं, चाचा रोज सांगत होते.

मी विमान निघताना पाहिलं नाही. पंखाचा वारा डोळ्यांत गेला.

संध्याकाळ.
शिवलिंगचा फोन. उचलला, आज टाळता येईना. फार खुशीत. दाजी, खरं वाटलं नव्हतं! साडीवरून दोन घिरट्या! किती खालून! अख्खी गल्ली ओरडली, म्हाताऱ्या-कोताऱ्या हात जोडून उभ्या. घोड्याचं सगळं मागं घेतलं बघा. एकच सांगा, खिडकीत हिरवा पदर दिसला, ती बाई कोण?

शेजारी कावेरी टाकी धुवायचा ब्रश घेऊन उभी होती.

मी म्हटलं, बाई कसली? मीच. वारा लागतो वर, डोक्याला हिरवं उपरणं बांधलं होतं.

शिवलिंग म्हणाला, वा, शोभत होतं.

मॅडमनी गुणाबाईला नांदेडला उतरवलं असणार. तिथून उद्या सकाळच्या गाडीनं ती भोकरला, त्याच गल्लीत.

टाकी धुवायला चढतो आहे. वरून निदान बसस्टँड दिसतं.