मिठाचा शेक

आई, दुखणं तुझ्या खांद्यात नव्हतंच. हे तुला आज लिहितेय. साठ-बासष्ट साल असेल. मिठागरातून तू भरदुपारी परत आलीस, चेहरा पांढराफटक, एक हात ओटीपोटावर. आजीनं विचारलं तर म्हणालीस, "खांदा धरलाय गो, दुसरा काय न्हाय." मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाईचा खांदा धरायचाच, त्यात कुणाला नवल वाटणार? आजी चुलीवर मीठ तापवते, फडक्यात बांधते आणि तुझा खांदा शेकत बसते. तू घामानं थंडगार होत जातेस. मी दारात उभी आहे, मला भूक लागलीय आणि तुझा रागही आलाय. दिवेलागणीच्या आत तू गेलीस. मग आजी ऊर बडवत बोलली की तुला दिवस गेले होते. तीन महिने भरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही, नजर लागते, म्हणून तुम्ही दोघींनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण पोटाचा आणि खांद्याचा संबंध कोण लावणार?

मला तो कळला पंचाहत्तरच्या सुमारास, लग्नानंतर. भाईंदर पूर्वेच्या आमच्या खोलीत पाणी भरताना मी कोसळले. शेजारच्या गुजराती बेननी रस्त्यावरचा टेम्पो थांबवून मला इस्पितळात नेलं. पाळी चुकल्याचं मीही कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरबाई नेमकं तेच विचारत होत्या. मी चिडले, "माझा खांदा दुखतोय, पाळीचं काय विचारताय?"

"खांदा दुखतोय म्हणूनच विचारतेय. खरं सांग, चुकलीय ना?"

मी होकारार्थी मान हलवली आणि त्यांची पळापळ सुरू झाली. मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी समजावलं. गर्भ पिशवीत न राहता नळीत वाढला होता, नळी फुटली. पोटात असं रक्त साचलं की कळ खांद्यात उठते. वेळेत ऑपरेशन झालं म्हणून वाचलीस, म्हणाल्या. खांदा दुखतो म्हणताच पोटाचं विचारायचं, एवढा एकच प्रश्न होता, आई? आणि आपल्या घरात तो कुणाला सुचलाच नाही?

मग मी हंबरडा फोडला. बेन माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "रो मत बेटी, दूसरा हो जाएगा." नवऱ्यानंही डोळे पुसले. मी कुणालाच काही बोलले नाही. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तुला सांगते. त्या दिवशी मला बाळाची आठवणसुद्धा झाली नव्हती. मी तुझ्यासाठी रडत होते.