दुसरी बाटली

रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकीशी सविस्तर बोलणं झालं. ऑपरेशन सोमवारी, बावीस तारखेला ठरलं हे ऐकून एका अर्थी बरं वाटलं. टांगती तलवार घेऊन बसण्यापेक्षा एकदाचं होऊन जाऊ दे. गर्भाशयाचा कर्करोग वेळेवर सापडला की पुढचं सोपं जातं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

इकडे सगळं नेहमीसारखं. ह्यांनी कानाचं यंत्र पुन्हा खिशात ठेवायला सुरुवात केली आहे. "कानात घाला की," म्हटलं तर म्हणतात, "मी निवृत्त झालो की नाही?" ह्यावर काय बोलायचं? बोललं तरी ऐकायला येणार नाही. खिडकीखालच्या रस्त्याचं काम अजून चालूच आहे. आज खणतात, उद्या बुजवतात, परवा काहीतरी आत विसरलं म्हणून पुन्हा खणतात.

तुझ्या पार्लरला कुलूप असेल. दर तीन आठवड्यांनी केस काळे करून घेणाऱ्या त्या मुख्याध्यापिकाबाई आता पांढऱ्या डोक्याने फिरत असतील. फिरू देत. त्यांचं वय जगाला एकदा कळायलाच हवं होतं.

रविवार म्हणून लिहायला बसले. शाळेच्या वसतिगृहातली रविवारची पत्रं आठवतात तुला? लांब टेबल, निळी शाई, आणि प्रत्येक पत्र सिस्टरांनी वाचल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही. तुला गोवर निघाला होता, अंगभर लाल झाली होतीस, आणि मी आईला लिहिलं, 'बारकी मजेत आहे. हवा छान आहे.' सिस्टरांनी वाचलं आणि म्हणाल्या, "अक्षर सुरेख." त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी आजारी मुलींच्या खोलीच्या दाराबाहेर बसायचे. आत यायची परवानगी नव्हती. तू आतून दारावर टकटक करायचीस, मी बाहेरून. अकरा वर्षांची होते मी, तू आठ. इतकी मोठी पुन्हा कधी वाटले नाही.

जेवत जा. लेकीवर चिडू नकोस. ती घाबरली की हुकूम सोडते, आपल्या आईसारखी.

तुझी,
ताई

ता. क. – आपलं लोणी, म्हणजे ते दंडाला लावायचं हार्मोनचं जेल, हॉस्पिटलात नेऊ नकोस. डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत बसू नकोस. औषध माझ्या नावाचं, चिठ्ठी माझी. नसते प्रश्न निघतील.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

प्रिय बारके,

आशीर्वाद. काल तुझी लेक फोनवर रडली. तुझ्यासमोर रडत नसेल, म्हणून सांगते.

म्हणाली, "मावशी, डॉक्टर म्हणतात, आई सडपातळ, साखर नाही, रक्तदाब नाही, हार्मोनची औषधं कधी घेतली नाहीत. मग हे आलं कुठून? घराण्यातून आलं असेल तर माझ्यातही असणार." तिची तपासणी करायची म्हणतात. मूल व्हावं म्हणून वर्षभर चाललेले तिचे उपचार तिने थांबवलेत. नवऱ्याला म्हणाली, माझ्याच अंगात हे असेल तर मी कुणाला जन्माला घालू?

मी तिला म्हटलं, धीर धर. दुसरं काही सुचलं नाही. खोटं बोलते, सुचलं होतं.

'हार्मोनची औषधं कधी घेतली नाहीत.' तू शब्दाला जागलीस.

लोणी लावत असशील तर आजपासून बंद कर. का, ते कळवते. सोमवारी मी माझ्या डॉक्टरीणबाईंना भेटणार आहे. ह्यांना सांगितलं, गुडघा दाखवायला जाते. पत्र लहान आहे, राग मानू नकोस.

ताई


मंगळवार, १६ सप्टेंबर

बारके,

सोबतचा वेगळा कागद आधी डॉक्टरांना दे. त्यावर एवढंच लिहिलं आहे, तुलाही कळावं म्हणून इथे उतरवते:

'रुग्णाने अडीच वर्षं रोज सकाळी इस्ट्रोजेनचं जेल दंडाला लावलं आहे, दोन वेळा पंप दाबून येईल तेवढं. त्याच्यासोबत घ्यावी लागणारी प्रोजेस्टेरॉनची गोळी एकदाही घेतलेली नाही. हे औषध तिला कुठल्याही डॉक्टरांनी दिलेलं नव्हतं. मी, तिची मोठी बहीण, माझ्या चिठ्ठीवर दरमहा दुसरी बाटली घेऊन तिला पाठवत होते. पाळी बंद होऊन सहा वर्षं झाल्यावर, गेल्या वर्षी जुलैत तिला पहिल्यांदा रक्तस्राव झाला. तिने तो मला लगेच सांगितला. औषधाची गोष्ट लपवायला मी तिला सांगितलं होतं. तिचा दोष नाही.'

आता तुला.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर तू मला हसवतेस, मी हसते, आणि बोलायचं राहून जातं. चौदा महिने तेच झालं.

तुला तेव्हा काय होत होतं, ते मला नीट आठवतं. अंगातून वाफा निघायच्या, झोप नाही, भर दुपारी पार्लरमध्ये घाम तुझ्या कपाळावरून गिऱ्हाइकाच्या मानेवर. "ताई, ड्रायर त्यांच्या डोक्यावर आहे की माझ्या, तेच कळत नाही," म्हणायचीस. मग एक दिवस हात थरथरला आणि एका बाईंच्या कानाला कात्री लागली. रक्त आलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण परत आल्या नाहीत. तू मला म्हणालीस, दुकान बंद करते, माझ्या हातावर माझा भरवसा राहिला नाही.

डॉक्टरकडे जा म्हटलं. तू म्हणालीस, "त्या टेबलावर बाळंतपणात एकदा चढले, ते ह्या जन्माला पुरे."

आणि मी म्हटलं, माझं घे.

मी तरी दुसरं काय म्हणणार होते? लहानपणी टॉनिकही आपण एकाच चमच्याने प्यायलो. ताप तुला आला की गोळी मीही मागायचे. आपल्या दोघींची अंगं वेगळी आहेत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. पण वेगळी होती, बारके. शेहेचाळिसाव्या वर्षी गाठी झाल्या म्हणून माझं गर्भाशय काढलं. तू मला तेव्हा आंघोळ घालायला आली होतीस. म्हणून मला एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं. डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तुम्हाला एवढं एकच पुरे." का पुरे, ते मी विचारलं नाही. औषध वाईट नव्हतं. त्याने मला माणसात आणलं. ते माझं होतं, एवढंच.

पहिली बाटली मी लोकरीच्या मोज्यात घालून पाठवली. तीन आठवड्यांनी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "ताई, काल मी सलग सात तास झोपले. आज चार जणींचे केस कापले, हात दगडासारखा स्थिर. तू मला सगळं परत आणून दिलंस गं." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. माझ्या हातून कुणाचं इतकं भलं कधी झालं नव्हतं.

मग गेल्या वर्षीचा जुलै. "ताई, पाळी परत आली! साठीला टेकले आणि पाळी! आता स्थळं बघ माझ्यासाठी, टक्कल चालेल." मी म्हटलं, टक्कल कशाला, तुझ्या धंद्याचं नुकसान. आपण दोघी पोट धरून हसलो. फोन ठेवल्यावर मी माझ्या बाटलीच्या खोक्यातलं घडीचं माहितीपत्रक काढलं.

तुला माझं काम माहीत आहे. एकतीस वर्षं छापखान्यात असलीच माहितीपत्रकं तपासली. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. आमच्या मोठ्या बाई पहिल्या दिवशीच सांगायच्या, अर्थ वाचायचा नाही. अर्थात शिरलात की चूक सुटते. म्हणून किती आजार, किती धोके माझ्या बोटाखालून गेले आणि त्यातला एकही मला लागला नाही. माझ्या स्वतःच्या औषधाचं पत्रकही मी तसंच वाचलं होतं. ह्यांना म्हटलं होतं, बघा, अक्षर किती स्वच्छ उठलंय.

त्या दिवशी मी ते अर्थासाठी वाचलं. गर्भाशय असलेल्या स्त्रियांनी हे औषध एकटं घेऊ नये. आतलं अस्तर वाढत जातं, त्यातून कर्करोग होऊ शकतो. रक्तस्राव दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना दाखवावं.

'ताबडतोब'. बारके, मला 'वाचलं नव्हतं' असं म्हणायची सोय नाही. 'कळलं नव्हतं' असंही नाही. मी ते तीनदा वाचलं, घडी घातली, खोक्यात ठेवलं, आणि कुकर लावला.

पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी तू म्हणालीस की पार्लरमध्ये नवा आरसा बसवला. त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारलं, "रक्त थांबलं का गं?" तू म्हणालीस, "थांबलं, परत आलं, परत थांबलं. पाहुण्यासारखं आहे." मी म्हटलं, वयाचं असेल. मी म्हटलं हे. तू नाही. आणि त्या महिन्यातही दुसरी बाटली पाठवली, कारण न पाठवायचं कारण सांगावं लागलं असतं.

का सांगितलं नाही, ते हजार वेळा स्वतःला विचारलं. तू घाबरशील म्हणून, दुकान बंद करशील म्हणून, अशी चांगली चांगली उत्तरं मिळाली. खरं उत्तर फार लहान आहे. मला तुझ्या तोंडून 'तू परत आणून दिलंस' हे ऐकायचं होतं, आणि ते परत करायचं नव्हतं.

काल डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. सारं ऐकून घेतलं त्यांनी. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तिला गर्भाशय आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि रक्त जातंय, हे?"

"हो."

"मग मला एक फोन करायला काय झालं होतं?"

मी घाईने विचारलं, हे त्यामुळेच झालं असं खात्रीने म्हणता येतं का? त्या म्हणाल्या, "खात्रीने कुणीच सांगणार नाही. पण तुम्ही त्याचा आधार घेऊ नका." पुढे म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी तिथल्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं, ह्या औषधाने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. म्हणजे माझं तोंड बंद राहिलं असतं, तर टेबलावरही तुझ्या जिवाशी खेळ होता.

घरी येऊन तुझ्या लेकीला फोन केला. आधी तिला सांगायला हवं होतं की तुला, मला कळत नव्हतं. पण ती रोज भीतीत जगते आहे. तिची तपासणी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण निदान तिला एवढं तरी कळेल की तिच्या आईच्या अंगात हे नुसतं रक्तातून आलं असं नाही.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, तुला किती दिवस माहीत होतं?"

मी म्हटलं, "चौदा महिने."

"चौदा महिन्यांपूर्वी दाखवलं असतं तर?"

मला उत्तर माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिने शांतपणे म्हटलं, "बावीस तारखेला तू येऊ नकोस. आईला मी आत्ता काही सांगत नाही. तू लिही. तुझ्या हाताने लिही." आणि फोन ठेवला. पोरीचं बरोबर आहे. तिच्यावर रागावू नकोस.

म्हणून लिहिलं. माझी बॅग भरून ठेवली होती, ती आज रिकामी केली. ह्यांनी विचारलं, "जायचं नाही का?" मी सगळं सांगितलं. यंत्र कानात होतं की खिशात, मी पाहिलं नाही. ते उठले आणि पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवून बाहेर जाऊन बसले.

मला माफ कर असं लिहिणार होते. तीन वेळा लिहिलं आणि कागद फाडला. तू आजारी आहेस. त्यात मला माफ करायचं कामही तुझ्याच गळ्यात कशाला घालू? तुला ओरडायचं असेल तर ओरड. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, कधीच नाही तरी चालेल. फक्त डॉक्टरांसाठीचा तो कागद लपवू नकोस. मला वाचवायला म्हणून तर मुळीच नाही. तुझी सवय मला ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी सात वाजता तुला आत नेतील. मी इथे उठून, आंघोळ करून, फोनपाशी बसलेली असेन. कुणी कळवायला हवं असं नाही. तू ह्या जगात आहेस की नाहीस, हे मला कुणाकडून तरी कळेलच, आणि असलीस तरी, नसलीस तरी, त्यात माझा हात असेल.

तुझी मोठी बहीण