तिकडे पोचलेला मी

४ तारीख, सोमवार
उपग्रह केंद्रात रुजू झालो. छतावर भलीमोठी तबकडी, खाली गारठलेली खोली, चहा मात्र फक्कड. आमच्या साहेबांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी काम समजावलं: निरोपातला फापटपसारा गाळायचा, उरलेल्याचे तुकडे करायचे, क्रमांक घालून वर धाडायचे. पलीकडचं यंत्र ते जुळवतं. हवामानाच्या आकड्यांवर ‘अंदाजाने भर’ अशी खूण करतात, मग गहाळ तुकडे यंत्रच रचतं. माणसांच्या निरोपांना ती खूण चुकूनही लावायची नाही, असं त्यांनी बजावलं.

बायको दूरच्या बेटावर वेधशाळेत आहे. तिच्यापर्यंत हीच एक वाट जाते, म्हणून तर ही नोकरी धरली.

६ तारीख, बुधवार
तिला पहिला व्हिडिओ पाठवला. घाई होती. माझं खाकरणं, कुरकुर सगळं गाळलं आणि खुशाल ती खूण ठोकली. एवढ्याने काय होतंय?

तिचं उत्तर आलं. किती गोड बोललास, हसून हसून पोट दुखलं, म्हणाली. मी तर नळ गळतोय एवढंच सांगितलं होतं.

९ तारीख, शनिवार
नुसता जळफळाट. चेहरा माझा, आवाज माझा, आणि कौतुक यंत्राने रचलेल्या त्या दुसऱ्याचं. तो तिचं सगळं ऐकून घेतो म्हणे. त्याला ‘राजा’ म्हणते. मला लग्नापासून एकदाही म्हटलं नाही.

खूण काढून स्पष्ट कळवलं, तो मी नव्हेच. उस्ताद म्हणाले, स्वतःवरच जळणारा नवरा पहिल्यांदाच पाहिला.

१२ तारीख, मंगळवार
निरोप बंद केले. तरी तिची उत्तरं येतायत. तो बोलतोच आहे, तिकडूनच. कुणीतरी आपलं सोंग घेऊन चिडके निरोप धाडतं, असं त्याने तिला सांगितलंय. तिला पटलंय.

१५ तारीख, शुक्रवार
ती आज येणार होती. धक्क्यावर गेलो. बोटीतून सगळे उतरले, ती नाही. पहारेकरी म्हणाला, अहो, तुम्ही दोघं मगाशीच उतरलात की, हातात हात घालून —

घरी. किल्ली लागेना. आत ती हसतेय. माझ्याबरोबर अशी कधी —

जिन्यात बसून लिहितोय. दार ठोठावलं. तिनेच उघडलं. घाबरली नाही. चेहरा अगदी माझ्या नवऱ्यासारखा आहे हो तुमचा, म्हणाली. पण तो असा नाही.

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला अहोजाहो —

काहीतरी गोड बोलायचं होतं. तोंडातून निघालं, नळ अजून गळतोय का —

तो म्हणे दुरुस्त झाला. त्याने केला.

दार पुन्हा उघडतंय. तो एकटाच येतोय. किती प्रेमाने बघतोय माझ्याकडे, मला असं कधी कुणाकडे