वाळूतली हाक

मेहरूण, जळगाव
संक्रांतीनंतरचा मंगळवार

प्रिय साक्षी,

तू फोन कानाला लावतच नाहीस असं प्रमिलाकाकू म्हणाल्या, म्हणून हे कागदावर. टीव्ही बंद, रेडिओ बंद, पलीकडच्या शाळेत प्रार्थना सुरू झाली की खिडकीही बंद. कुणी मागून नाव घेतलं तर तू भिंतीला पाठ लावून उभी राहतेस. तुझी आई असूनही काकू हे सांगताना रडल्या नाहीत, पण मधेच थांबून म्हणाल्या, "रूपा, तू तरी खरं सांग, तिकडे नेमकं काय झालं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता थोडंफार देता येईल. हे पाकीट काकूंच्या नावावर पाठवतेय. तू स्वतः उघडलंस तर बरं, नाहीतर त्यांनी वाचून दाखवू नये, नुसतं तुझ्या हातात द्यावं. आवाज नको असेल तर नकोच.

इथलं सगळं ठीक आहे. तलावावर सकाळी धुकं असतं, बोरांच्या गाड्या लागल्यात. आईने तुझ्यासाठी बोरं घेऊन ठेवली आणि मग, पाठवायची कशी, असं म्हणत आपणच खाल्ली. तिला अजून वाटतं की आपलं भांडण झालंय. मी तिला सांगितलं की भांडण नाही, शंका आहे. ती म्हणाली, "मग भांडण बरं."

शंका तुझ्याही मनात होती, माझ्याही. बाडमेरच्या वाळवंटातलं शूटिंग संपवून परत येताना गाडीत तू इतका वेळ गप्प होतीस, आणि गुजरात ओलांडून नवापूरच्या घाटात आल्यावर एकदम माझ्याकडे वळून म्हणालीस, "नानांचा आवाज तुझ्याकडेच होता ना?" एवढंच. पुढे काही नाही. तो आवाज म्हणजे बन्सीनानांनी जाण्याच्या आदल्या महिन्यात तुला फोनवर बोलून पाठवलेला निरोप. धुळे स्टँडवर ते तुझी वाट बघत उभे होते, एसटीची ड्यूटी संपवून, खाकी शर्टातच असतील, आणि मागे गाड्यांचे हॉर्न. "साक्षी माय, मी आठे शे. ये वं." इथे आहे, ये, एवढंच, आपल्या अहिराणीत. वर्षश्राद्धाला सगळ्यांना ऐकवायचा म्हणून तू तो मला दिलास आणि मी त्यातला गोंगाट काढून नानांचा आवाज तेवढा ठेवला. तुझ्या त्या प्रश्नाने मला इतकं लागलं की मी उत्तरच दिलं नाही. मी विचार करत होते, हिला माझाच संशय यावा? आणि खरं सांगू, त्याच वेळी मला तुझा संशय येत होता. मला वाटत होतं, तू आणि प्रशीलने मिळून हे ठरवलंय. सिनेमा भुताचा, बनवणारे जळगावचे चार अनोळखी लोक, पाहणार कोण? नायिका खरोखर वाळवंटात हरवली, मेलेल्या बापाने तिला हाक मारली, असं म्हटलं की लोक येतात. माझा भाऊ असला तरी प्रशील मला माहीत आहे.

हा संशय आला तो त्या संध्याकाळमुळेच. आठवतं का, शेवटचा मोठा शॉट होता. नवरा वाळूत गडप झालेली बाई एकटी टेकडीकडे चालत जाते आणि तिला त्याची हाक ऐकू येते. महिनाभर प्रशील मला प्रत्येक शॉटला ओरडत होता, आवाज घे, वाऱ्याचा घे, पावलांचा घे, उंटाच्या घंटेचा घे. आणि त्या शॉटला म्हणाला, "ताई, ह्याला आवाज नको. नंतर संगीत टाकू. तू गाडीत जाऊन बस." मी गेले. काच वर करून बसले, कारण वारा वाढला होता. मला वाळूशिवाय काही दिसलं नाही आणि काहीच ऐकू आलं नाही. नंतर आरडाओरडा झाला, आंधी आली आणि तू कुठेच नव्हतीस.

ती रात्र मी लिहीत नाही. सकाळी त्या उंटवाल्या म्हाताऱ्याने तुला शोधलं तेव्हा मी त्याच्या मागोमाग धावले होते. तू वाळूत बसली होतीस, गुडघ्यांना मिठी मारून. तुझ्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, जुनी पडकी विहीर होती. कठडा नाही, काठ वाळूने झाकलेला. म्हाताऱ्याने विहिरीकडे एकदा बघितलं आणि आधी तुला तिथून उचलून लांब नेलं, मग पाणी दिलं. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "नानांनी बोलावलं. मग नानांनीच म्हटलं, मांगे फिर वं माय." त्यानंतर घाटापर्यंत तू बोलली नाहीस.

घरी आल्यावर प्रशीलने तिसऱ्याच दिवशी मुलाखत दिली. मग दुसरी. "वाळवंटाने आमच्या नायिकेला हाक मारली," हे वाक्य तो दर वेळी तसंच म्हणतो, मधे तसाच थांबतो. तुमच्याकडे भगत यायला लागला ते काकूंनी सांगितलं, तर प्रशीलने तेही मुलाखतीत घातलं. मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?" तो म्हणाला, "वाटतं ना. म्हणून तर सिनेमा चांगला झाला पाहिजे." अशी त्याची उत्तरं. ऐकताना बरोबर वाटतात आणि नंतर घशात अडकतात.

मग डिसेंबरात त्याने मला तो शॉट दाखवला. आवाज लावायचा होता. तू टेकडीकडे चालतेस, थांबतेस, मान वळवतेस. आणि हसतेस. साक्षी, कथेत तिथे हसायचं नव्हतं. आपण तालमी केल्या होत्या. तू दचकणार, ओठ उघडणार, एक पाऊल मागे घेणार. त्याऐवजी तू हसलीस, बसमधून उतरताना नाना दिसले की हसायचीस तसं, आणि पळत सुटलीस. प्रशील माझ्या बाजूला बसून म्हणाला, "बघ, ह्या हसण्यानेच अंगावर काटा येतो." माझ्याही आला. तू हे ठरवून केलं असशील, हा माझा संशय तिथेच मेला. असं हसू ठरवून येत नाही, मी तुला दहावीपासून रंगमंचावर बघतेय. पण मग तू काय ऐकलंस? आणि हे हसू येणार हे आधीच माहीत असल्यासारखा कॅमेरा तुझ्या चेहऱ्यावर कसा होता?

मी प्रशीलला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने पुन्हा एक बरोबर वाटणारं उत्तर दिलं असतं. मला आठवला तो नवल, आपल्या गाडीचा ड्रायव्हर. परत आल्यापासून तो प्रशीलच्या कुठल्याच कामाला आला नव्हता. मी आईला कॉलेजचं काम सांगितलं आणि शिरपूरला गेले, तिथून जीपने सातपुड्याच्या पायथ्याशी त्याच्या गावाला. वरच्या पाड्यावर घर आहे. त्याची बायको रुपली अंगणात तूर झोडपत होती. मला बघून तिने नवलला हाक मारली नाही, आधी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "त्या सिनेमावाल्या भाऊने पाठवलं का?" मी नाही म्हटलं. मग तिने खाट टाकली.

नवल आला आणि समोर उकिडवा बसला. मी एवढंच विचारलं की त्या संध्याकाळी तू कुठे होतास. तो हातातली काडी मोडत राहिला. रुपली म्हणाली, "सांग की. मला सांगितलं तसंच सांग." तेव्हा तो बोलला. "ताई, भाऊने मला टेकडीमागे झोपवलं होतं. हातात डबा दिला, गाणं वाजायचा असतो तो. म्हणाला, मी लाल रुमाल हलवला की बटन दाब, आणि डबा घेऊन पुढे पुढे जात राहा, ताईला दिसू नको. मी दाबलं. आत कोणी बाबा बोलत होता, तेच तेच. मला वाटलं, सिनेमातलं असेल. ताई अशी धावली की मी घाबरलो. मी पुढे, ती मागे. मग वारा आला, काही दिसेना. मी डबा बंद केला, ओरडलो, ताई, ताई. ती नव्हती." मग त्याने मान खाली घातली. सकाळी तू सापडल्यावर तो प्रशीलला म्हणाला होता की तिला सांगून टाका. प्रशील म्हणाला, आत्ता नको, ती आणखी बिथरेल.

परतताना जीपमध्ये मला फक्त तो हलता आवाज दिसत होता. नाना पुढे पुढे जातायत, बोलावतायत, आणि थांबत नाहीत. तुला काय वाटलं असेल. आणि तू मला विचारलेला प्रश्न रास्त होता. आवाज माझ्याकडेच होता. माझ्या लॅपटॉपवर, ज्यावर प्रशील रोज सिनेमाचं काम करायचा. मी त्याला दिला नाही, त्याने न विचारता घेतला. हे तू मानायलाच हवं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तलावावर चालायला निघाला तेव्हा मीही गेले. बांधावर लोक होते, म्हणून तो आवाज चढवणार नाही अशी माझी अटकळ होती. मी नवलचं नाव घेतलं. तो चालतच राहिला, मग एका बाकावर बसला. "भीती खोटी करता येत नाही, ताई," म्हणाला. "मी तिला आधी सांगितलं असतं तर ती तशी हसली असती का?" मी म्हटलं, "ती विहिरीत गेली असती." तो म्हणाला, "विहीर मला माहीत नव्हती. शपथ." हे मला खरं वाटलं. मग मी विचारलं, "आणि मांगे फिर कुणी म्हटलं?"

साक्षी, त्याला हे माहीतच नव्हतं, कारण तू ते फक्त माझ्या कानात म्हणाली होतीस. मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने दोनदा विचारलं, "नक्की असंच म्हणाली?" त्या निरोपात ते शब्द नाहीत. मी तो इतक्या वेळा ऐकलाय की त्यातला नानांचा श्वासही मला पाठ आहे. नवलने डबा बंद केला होता, आणि तो घरी भिलीत बोलतो, त्याला अहिराणी नीट येतही नाही. प्रशीलचा चेहरा उतरला. मग त्याने मला विचारलं, "ताई, तू तर नव्हतीस ना तिकडे?" म्हणजे आता त्याला माझा संशय. मी गाडीत काच लावून बसले होते, तेही त्यानेच सांगितलं म्हणून, तरीही. त्या दिवसापासून तो घरात कानात बोळे घातल्यासारखा वावरतो. आईने जेवायला हाक मारली की दचकतो. मला त्याची दया येते आणि रागही येतो, दोन्ही एकदम, आणि माझा भाऊ असल्यामुळे दोन्ही पुरते येत नाहीत.

मी त्याला सांगितलं की तो शॉट काढ, नाहीतर जळगावच्या पहिल्याच खेळाला मी उभी राहून हॉलमध्ये सगळं सांगेन. तो म्हणाला, "तो काढला तर सिनेमाच उरत नाही."  शेवटी त्याने मधला मार्ग काढला, त्याचा नेहमीचा. म्हणाला, साक्षी हो म्हणाली तर राहील, नाही म्हणाली तर काढीन. मला ते पटल्यासारखं झालं, पण घरी येईपर्यंत लक्षात आलं की तुला काहीच माहीत नसताना तो तुझं हो घेणार आहे.

म्हणून हे लिहिलं. येत्या रविवारी प्रशील धुळ्यात देवपूरला तुझ्या घरी येतोय. सोबत एका चॅनेलचा माणूस असेल. तो काकूंच्या पाया पडेल, तुझ्या तब्येतीची चौकशी करेल, त्याचा आवाज मऊ असेल. तो शॉट ठेवायला हो म्हण आणि खेळाच्या दिवशी स्टेजवर येऊन तुझा अनुभव सांग, असं म्हणेल. आणि दुसऱ्या आवाजाबद्दल खोदून खोदून विचारेल, कारण त्याला आता स्वतःलाच ते कळायला हवंय. हो म्हणायचं की नाही ते तू ठरव, मी त्यात पडणार नाही. फक्त तो दारात येण्याआधी तुला एवढं ठाऊक असावं, की ज्या हाकेमागे तू धावलीस ती डब्यातली होती. तिला घाबरून खिडक्या लावायचं कारण उरलं नाही. दुसरीबद्दल मला काहीच सांगता येत नाही. मी शोधली, सापडली नाही. पण ती कुणाचीही असो, तिने तुला विहिरीपासून फिरवलं, आणि तिला घाबरावं असं मला वाटत नाही. मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला येते. दार उघडलंस तर आत बसेन, नाही उघडलंस तर पायरीवर. तुला हाक मारणार नाही, कडी वाजवीन. रविवारी तो येऊन जाईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

संशय फिटला असेल तर तुझीच, नसेल तरीही,
रूपा