तीन दिवस गैरहजर

३ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अ. उ. आ.

सगळ्या सरकारी व्यसनमुक्ती केंद्रांचा प्रमुख डॉक्टर झालास, तरी ताईच्या पत्राला उत्तर द्यायला तुला महिना लागतो. या वेळी लगेच लिही.

यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ठोंब्या तीन दिवस वडिलांच्या उशाशी बसून होता, जागचा हलला नाही. चौथ्या दिवशी गर्दच्या जागी देतात ते रोजचं औषध घ्यायला केंद्रावर गेला, तर यादीतून नाव कापलेलं. खिडकीवरच्या मुलीनं परिपत्रक दाखवलं. सलग तीन दिवस गैरहजर, नाव बंद, पुन्हा नंबर लावा. नंबर तीन आठवड्यांनी येणार. चौदा महिने पोरगं सरळ चाललं होतं रे. आता रात्रंदिवस तळमळतोय.

खाली तुझी सही आहे म्हणतो. मामा कोण ते त्यानं तिथे सांगितलं नाही. वशिला लावायचा नाही, हे तूच शिकवलंस. सही तुझीच आहे का, तेवढं कळव.

लोभ आहेच, उत्तर हवं.
तुझी ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही माझीच. खंड पडला की अंगाची सवय मोडते, मग जुनंच माप जिवावर बेतू शकतं. म्हणून मी लिहिलं होतं, आधी तपासा, मग औषध द्या. कार्यालयात त्या वाक्याचं ‘नाव बंद करा’ झालं आणि मी न वाचता सही ठोकली. गाढवपणा माझा.

केंद्राला फोन करावा असं फार वाटलं. नाही केला. ठोंब्यासारखे नऊशे जण कापले गेलेत, त्यांना मामा नाही. परिपत्रकच बदलतो, बुधवारी निघेल. तोवर त्याला एकटं सोडू नकोस. केंद्रावरून नाकात मारायचा फवारा आण. पुन्हा गर्द घेऊन श्वास मंदावला तर तो लगेच मारायचा आणि अँब्युलन्स बोलवायची.

ठोंब्याला म्हणावं, मामा गाढव असला तरी तुझाच आहे. भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा छोटू

१६ फेब्रुवारी

चि. छोटूस,
आशीर्वाद.

तू येऊन गेलास, पण आपलं काही बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. फवारा आणला, कसा मारायचा ते शिकून घेतलं. मंगळवारी मी यांचे टाके काढायला गेले तेवढ्यात ठोंब्या मित्राच्या खोलीवर गेला. जुन्याच मापानं गर्द घेतलं. फवारा आमच्या कपाटावर होता.

गुरुवारी केंद्रातून फोन आला, नाव परत लागलं, उद्या नऊला पाठवा. मी बरं म्हटलं. शुक्रवारी मीच जाऊन रांगेत उभी राहिले. का, ते सांगता येत नाही. पुढच्या बाईनं वळून सांगितलं, तिच्याही मुलाचं नाव लागलं, वर कोणी डॉक्टर देवमाणूस आहे. मी मान हलवली. खिडकीशी पोचल्यावर म्हटलं, आमचा येणार नाही. मुलीनं खाली मान घालून लिहिलं, गैरहजर, दिवस पहिला.

हे जेवतात, मीही जेवते. रडू येत नाही. तू केलंस ते बरोबरच आहे, हे मी यांनाही सांगितलं. पण एक फोन, छोटू.

लोभ आहे की नाही, ते आज मला कळत नाही. कळलं की लिहीन.

ताई