निळीची ताडपत्री आणि तिसरं मागणं

सारीबुलाक,
शुक्रवार, दुपारचा चहा झाल्यावर

चिरंजीव झासुलान यास, त्याच्या आईच्या सख्ख्या, थोरल्या आणि एकुलत्या एक भावाचा, म्हणजे ओरिनबासार मामाचा, तोंडभर आशीर्वाद. तुझी जनावरं आणि घरचे जीव सुखरूप आहेत ना? (जनावरं आधी विचारायची ही आपली रीत. तू नवव्या मजल्यावर राहतोस आणि तुझ्याकडे फक्त एक मांजर आहे असं तुझी आई कुल्याश म्हणाली. तर मांजर बरी आहे ना?) आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या मामीचा रक्तदाब बरा आहे, गाय बरी आहे, माझा पाय पाऊस येणार असला की आदल्या दिवशी ठणकतो आणि एरवी बरा असतो. निळीचं, आपल्या जुन्या ट्रकचं, मात्र विचारू नकोस. तिच्याबद्दलच लिहायला बसलोय. फोनवर बोललो असतो, पण मी फोनवर बोललेलं शेजारच्या गावात ऐकू जातं असं तुझी मामी म्हणते, आणि ती स्वतः तर भिंतीला कान लावायचीही तसदी घेत नाही, तिला तसंच ऐकू येतं. म्हणून पत्र.

तू पाठवलेली सरकती ताडपत्री पोचली. आता तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण माझाच गोंधळ उडालाय आणि पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तो मला सुटणार नाही. गेल्या सुगीत हौद्यावर चढून जुनी ताडपत्री बांधताना मी पडलो. पाय मोडला. (थोडाच मोडला.) तेव्हापासून तुझ्या मामीनं, रिस्तीनं, धोशा लावला, की गाडी विका, भंगारवाला घेतो म्हणतोय. मी म्हटलं, अगं, ही गाडी आहे का नुसती? झासुलान हिच्या केबिनमध्ये जन्मला! फेब्रुवारीतल्या वादळात, दवाखाना अकरा किलोमीटर लांब, कुल्याश ओरडतेय, मी ओरडतोय, आणि शेवटी तू ओरडलास. सीटवरचा डाग अजून आहे, मी त्याची भरपाई कधी मागितली नाही. त्यावर रिस्ती म्हणाली, "जन्मला एकदाच ना? मग आता पुरे." शेवटी तुझी ताडपत्री येणार असं कळल्यावर तिनं अट घातली. बटण दाबून झाकणार असाल तर निळी राहील. पण पुन्हा एकदा जरी वर चढलेले दिसलात, तर निळी भंगारात. आणि मी बर्चच्या लाकडाची स्वतःच्या हातानं केलेली शिडी तिनं उचलून गोठ्यामागे टाकली. म्हणजे सगळी भिस्त तुझ्या ताडपत्रीवर होती, हे ध्यानात ठेव आणि मग पुढचं वाच.

बसवायला गेनरिख आला. त्याचे अर्धे नातेवाईक जर्मनीला गेले, हा मात्र इथेच आमच्या डोक्यावर बसलाय, पण विजेचं काम त्याच्याइतकं कुणाला येत नाही. हौद्याच्या दोन्ही काठांवर रूळ ठोकले, मोटर लावली, बॅटरीची तार ओढली, सगळं दुपारपर्यंत झालं. मग रिमोट हातात घेतला आणि तिथेच आमचं घोडं अडलं. पुस्तक सगळं चिनी. रिमोटवर दोन बटणं. एकावर उघडी छत्री, दुसऱ्यावर मिटलेली. आता तू शिकलेला आहेस, मला सांग. छत्री उघडली की माणूस झाकला जातो. ताडपत्री उघडली की गहू उघडा पडतो. मग उघड्या छत्रीचं बटण दाबलं तर हौदा उघडायचा की झाकायचा? गेनरिख म्हणाला, छत्री म्हणजे ताडपत्रीच, उघडी म्हणजे झाकलेली. मी म्हटलं, झाकलेली असेल तर तिला उघडी का म्हणतोस? तो म्हणाला, मी छत्रीला उघडी म्हणतोय, हौद्याला नाही. मी म्हटलं, मी हौद्याबद्दलच विचारतोय, मला छत्री घ्यायचीच नाहीये! आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो. (दाबून पाहावं हे दोघांनाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी, चूक कुणाची निघेल या भीतीनं दोघांनीही दाबलं नसतं.) शेवटी रिस्तीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "झाकलं का?" आणि गेनरिख म्हणाला, "उघडलं म्हणजे झाकलं." तिनं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. हे वाईट लक्षण आहे हे मला सदतीस वर्षांच्या संसारातून कळतं.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री आपली आपणच, म्हणजे गेनरिख चुकून रिमोटवर टेकल्यामुळे, झाकली गेली, आणि गावात बातमी फुटली की ओरिनबासारनं निळीच्या डोक्यावर पदर ओढला. झालं! बाल्झान आजी आठ बायका घेऊन हजर. नवी वस्तू आली की भेट उकळायची, ती तर त्यांनी चहा आणि बाउरसाकच्या, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, रूपानं माझ्याकडून उकळलीच. (परात रिकामी झाली. परातीसकट गेली असती, पण गेनरिख तिच्यावर हात ठेवून बसला होता.) मग आजी म्हणाली, तोंड झाकलेली नवी सून घरात आली तर तिचं तोंड रीतसर उघडायला नको? असा बुरखा ओढून ती रस्त्यावर गेली तर गावाची शोभा काय? मी म्हटलं, आजी, ही गाडी आहे. आजी म्हणाली, "सून तरी कुठं वेगळी असते रे, ओझंच वाहते ना जन्मभर!" आठही बायका हसल्या, आतून रिस्ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग आजीनं गाणं म्हटलं, निळीला सासऱ्याला, दिराला, गेनरिखला वाकून नमस्कार करायला सांगितलं, आणि ओंजळीनं गोळ्या-चॉकलेटं आणि घरचे कुर्त तिच्यावर उधळले. मी डोळे मिटून एक बटण दाबलं. ताडपत्री सरसर केबिनकडे गोळा झाली, हौदा उघडा झाला, सगळे टाळ्या वाजवायला लागले. पोराटोरांनी चॉकलेटं वेचली. कुर्त कुणी वेचले नाहीत, कारण सुकलेल्या दह्याचे गोळे प्रत्येकाच्या घरी पोतंभर असतात. ही गोष्ट लक्षात ठेव. मी ठेवली नाही, म्हणून सांगतोय.

त्यानंतर झाकायला गेलो तर ताडपत्री निम्म्यावर आली आणि कट्ट. उघडायला गेलो तर उघडते. झाकायला गेलो की निम्म्यावर कट्ट. गेनरिख म्हणाला तार, मी म्हटलं छत्री, बाल्झान आजी म्हणाली दृष्ट, आणि तिनं हौद्याभोवती धुरी फिरवली, तिच्यामुळे फक्त गेनरिख शिंकला. आणि बुधवारी गहू घेऊन कोठारावर जाणं भाग होतं. यंदा नियम आहे, हौदा झाकलेला नसेल तर फाटकातून आत घेत नाहीत. फाटकावर साउले नावाची एक मुलगी असते, हातात फॉर्म, कानाला पेन. तिनं निळीकडे पाहिलं. पुढचा अर्धा हौदा झाकलेला, मागचा उघडा. म्हणाली, "काका, हे बंद आहे की उघडं?" मी खरं तेच सांगितलं, म्हटलं, "पोरी, तू ठरव, मी तीन दिवस ठरवतोय." तिनं साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, बंद असेल तर आत घे, उघडं असेल तर परत पाठव. आता ती मुलगी सरळमार्गी. तिनं पुढची अर्धी गाडी आत घेतली आणि मागची अर्धी फाटकाबाहेर ठेवली. मागे वीस गाड्या भोंगे वाजवतायत, माझं इंजिन आत नोकरीला लागलंय आणि मागची चाकं अजून अर्जदार आहेत. तेवढ्यात पाऊस! (पाय आदल्या दिवशी ठणकला होता, त्याचं कुणी ऐकत नाही.) मग घाईघाईनं सगळंच आत घेतलं. गव्हाची ओल मोजली तर पुढचा कोरडा आणि मागचा ओला, म्हणून एका गाडीचे दोन दाखले मिळाले. वर साहेबानं बजावलं, पुढच्या खेपेला पूर्ण बंद नसेल तर येऊच नका. म्हणजे पुन्हा गाडी गेल्यातच जमा.

काल गुरुवारी रिस्ती दूध द्यायला गेली. आता तू म्हणशील, मामा, तुम्ही चढलात. हो, चढलो. गोठ्यामागून शिडी आणली, लावली, चढलो, आणि काय सांगू तुला, वर्षभरानं वरून अंगण पाहिलं तर जीव कसा भरून आला. मग वाकून रुळात बोट घातलं. आत काय असावं? कुर्त! बाल्झान आजीच्या हातचा एक कुर्त, दगडासारखा, रुळाच्या मधोमध रुतून बसलेला. मी तो ओढून काढला, आणि टाकायचा कशाला म्हणून तोंडात टाकला, आणि आता ताडपत्री पूर्ण सरकते का ते खालून नीट पाहावं म्हणून हौद्यात उतरलो. (रिकामा होता.) उतरताना खिशातला रिमोट बाहेर अंगणात पडला. हे मला नंतर कळलं. आधी मला एवढंच कळलं, की डोक्यावरून आभाळ सरकायला लागलं. सरसरसर, निम्म्याच्या पुढे, पार शेवटपर्यंत. कुर्त अडकल्यापासून पहिल्यांदाच ताडपत्री पूर्ण बंद झाली रे झासुलान, आणि मी आत! मी ओरडलो, पण तोंडात कुर्त, तो चावता येत नाही आणि थुंकावासा वाटत नाही. हौद्यावर मुठी आपटल्या. मग तसंच सरसर उजेड आला, आणि बाहेर शिडीवर उभी तुझी मामी, हातात रिमोट. नव्या सुनेचं तोंड उघडल्यावर पाहावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कुर्तामुळे एक अक्षर बोलू शकलो नाही. ती खाली उतरली, घरात गेली आणि तिनं फोन केला. भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू आलं: "भंगारवाले ना?... हो, गाडीचंच... पुढच्या शुक्रवारी..." पुढचं मला ऐकवलं नाही, मी गोठ्यात जाऊन बसलो. तेव्हापासून तिनं विषय काढलेला नाही. चहा मात्र वेळेवर देते, त्यात साईही घालते, त्यामुळे मी आणखीनच गोंधळलोय.

असो. ताडपत्री उत्तम आहे. तुझे उपकार झाले. कुल्याशला, सूनबाईला आणि मांजरीला आशीर्वाद सांग.

तुझा मामा,
ओरिनबासार

ता. क. खरी गोष्ट राहिलीच. भाच्यानं मामाकडे जन्मात तीन गोष्टी मागाव्यात आणि मामानं नाही म्हणू नये, हे तुला वेगळं सांगायला नको. सातव्या वर्षी तू माझं तांबडं शिंगरू मागितलंस. अठराव्या वर्षी बाजूला डबा असलेली मोटारसायकल मागितलीस. (शिंगराबद्दल मी काही म्हणत नाही. मोटारसायकलबद्दल अजून वाईट वाटतं.) तिसरं मागणं बाकी आहे, आणि सोळा वर्षं तू सणाला आलास की, ती मागशील या भीतीनं, मी दुर्बीण पेटीत आणि पेटी गेनरिखकडे ठेवत आलोय. तर आता कृपा कर आणि माग. निळी माग. भाच्यानं मागितलेली वस्तू विकता येत नाही, मामीलाही नाही, भंगारवाल्यालाही नाही. मग तू म्हण, मामा, माझ्याकडे नवव्या मजल्यावर जागा नाही, तुमच्याच अंगणात राहू द्या. तिच्यात जन्मलास रे तू. एवढं कर.

ता. क. दोन. फोन मामीला कर, मला नको. मी कानावर हात ठेवणार. पुढच्या शुक्रवारच्या आत कर. हे पत्र तीच पोस्टात टाकणार आहे, मी तिला पेन्शनचा अर्ज आहे म्हणून सांगितलंय आणि पाकीट खळीनं पक्कं बंद केलंय.

ता. क. तीन. उघडी छत्री म्हणजे उघडं की बंद, ते मात्र कळव.

झासुलान बाळा, खाली मी लिहितेय, रिस्ती मामी. पेन्शनचा अर्ज सात पानांचा नसतो, म्हणून पाकीट उघडलं. छत्रीचं चित्र मी पाहिलं नाही. एक बटण दाबलं, चुकलं, मग दुसरं दाबलं. भंगारवाल्याला मी सांगितलं ते असं, की पुढच्या शुक्रवारी येऊ नका, आणि नंतरही येऊ नका, गाडी विकायची नाही. हे तुझ्या मामांना आत्ता सांगू नकोस, चार दिवस घाबरून जमिनीवर राहू देत. गेल्या वर्षी ते पडले तेव्हा मी अंगणात होते. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. काल अंगणात शिडी लावलेली दिसली, हौद्यावर माणूस दिसेना, तेव्हा अंगणात पडलेला रिमोट उचलला आणि मिळेल ते बटण दाबत सुटले. म्हणून तुला सांगते, तिसरं मागणं वाया घालवू नकोस. फोन मामांना कर, आणि गाडी मागू नकोस. शिडी माग.