देवासमोर मी तीनदा पडले म्हणे

सर्जापूर रोड, बेंगळूरु
(हर्षचं घर. माझं नव्हे.)

तीर्थरूप अहल्याक्का,

वाकून नमस्कार केलाय असं समज. प्रत्यक्ष वाकायला मला बंदी आहे, आणि ती कुणी घातली हे ऐकलंस तर म्हैसूरहून पहिल्या गाडीनं भांडायला येशील. तुझे गुडघे कसे आहेत? दारच्या मोगऱ्याला कळ्या आल्या का? इथे चौदाव्या मजल्यावर मोगरा डब्यात येतो, फ्रिजमधून.

तापासाठी मला इस्पितळात ठेवलं होतं, हे हर्षनं कळवलंच असेल. ताप उतरला, चामराजपेटला घरी जायचं म्हणून मी वेणी घालून बसलेही होते. तेवढ्यात टॅब घेऊन एक मुलगी आली. नाव संपदा, माहेर पुणे, गोड मुलगी. “काकू, घरी जायच्या आधी सिनियर लोकांची एक छोटीशी टेस्ट असते. एकदम फन!” (अक्का, इस्पितळात कुणी ‘छोटीशी’ म्हणालं की पदर खोचून बसावं.)

पडद्यावर तीन चेहरे आले. आज मन कसं आहे, त्यावर बोट ठेवायचं. मी हसऱ्यावर ठेवलं. काही नाही. दाबलं, तरी काही नाही. “तुमची स्किन ड्राय आहे ना काकू, त्याला बोट कळत नाहीये.” या बोटांनी मी एक मुलगा वाढवला, सासूबाईंची शेवटची दोन वर्षं काढली, आणि यंत्राला ती कळत नाहीत! रागानं दाबलं, तर उमटलं रडक्यावर. झाले मी उदास. मग घड्याळ काढायला सांगितलं. कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिनाच्या हाताखाली शिकलेली मी. आधी समास सोडला, मग वर्तुळ, मग रोमन आकडे. नऊपर्यंत पोचते तो वेळ संपली म्हणून पडदाच बदलला. (अपुरं पण सुंदर काम सिस्टर कधी शून्य देऊन परत करत नसत.)

पण खरा अपमान पुढेच. कमरेला पट्टा बांधला, पट्ट्यात एक डबी. खुर्चीतून उठायचं, समोरच्या भिंतीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. डोक्यावर शब्दकोश ठेवून चालायला शिकलेल्या बाईला यात काय अवघड? ताठ चालत गेले. आणि भिंतीशी बघते तो गणपती! ताजी जास्वंद, समईसुद्धा लावलेली. आता तूच सांग, आप्पांच्या मुलींनी तिथून नुसतं वळून, देवाला पाठ दाखवून परत यायचं? मी चपला काढल्या. स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली. हात उलटसुलट करून कान धरले आणि तीन उठाबशा काढल्या, आप्पा लहानपणी दोड्ड गणपतीच्या देवळात काढायला लावत तशा, पार खालपर्यंत. या वयात! मग पाठ न दाखवता मागे मागे चालत खुर्चीशी आले. वाटलं, पोरगी टाळ्या वाजवेल. पोरगी पडद्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा उतरला होता.

यंत्रानं काय सांगितलं असेल? बाई मध्येच थांबली. गोल भरकटली. तीन वेळा कोसळली. उलट्या दिशेनं चालू लागली.

डॉक्टर रत्नाकर आले. त्यांनीही टॅबच तपासला, मला नाही. मी म्हटलं, “अहो, मी पडले नाही.” अतिशय प्रेमानं म्हणाले, “बरेचदा पेशंटला आठवत नाही, अम्मा.” मी हर्षकडे वळले, तर तो म्हणतो, “आई, डेटा खोटं बोलत नाही.” पोटच्या मुलानं आईपेक्षा डबीवर विश्वास ठेवायचा काळ आला. तशीच इथे आणली. गालिचे उचललेत, न्हाणीघराला कडी लावायची नाही, गॅसला हात लावायचा नाही, वाकायचं नाही. चामराजपेटच्या घराची किल्ली हर्षच्या खिशात, आणि तिथे माझे देव अंधारात. गुरुवारी पुन्हा टेस्ट आहे. त्यातही नापास झाले तर ते घर भाड्यानं द्यायचं ठरलंय; मला न विचारता, कारण उदास आणि विसराळू बाईला काय विचारायचं?

तुझी,
अंबू

ता. क. सौम्याला नावं ठेवू नकोस हं. सून चांगली आहे. रात्री मी उठले की तीही उठते. तेच तर सोसवत नाही.

दुसरा ता. क. तुला म्हणून सांगते. यंत्राशी माझं भांडण आकड्यावरून आहे. तीनदा पडले हे साफ खोटं. एकदाच पडले, आणि तेही इस्पितळात नव्हे, घरी, तापाच्या आधी, देवघरासमोर, तिसऱ्या उठाबशीला. उठता येईना. फरशीवर पडल्या पडल्या गणपतीकडे बघत राहिले, तो माझ्याकडे. हाक मारावीशी वाटली ती ना हर्षला, ना देवाला. ‘अक्का’ म्हणून ओरडले, तू म्हैसुरात.

तेव्हा बुधवारी ये, आणि परत जाऊ नकोस. हर्षला सांग, गुडघ्यांमुळे एकटीला जमत नाही, अंबूच्या सोबतीची मला गरज आहे, चामराजपेटलाच राहीन म्हणते. म्हणजे किल्ली तो आपणहून देईल. त्याच्यासमोर जरा लंगड. पण बेतानं, त्या डबीच्या आसपास नको.